माझ्या वाट्याला आलेले उपवास

सुक्या मासळीच्या धंद्यात भाऊ वेगळे झाले की तागडी, वजनं, गोण्या, ताडपत्र्या यांच्याबरोबर गावंही वाटली जातात. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. "गावं काय तुमच्या मालकीची आहेत?" असं एका शिकलेल्या पाहुण्यानं मला विचारलंही होतं. मालकीची कशाला असतील? पण गिऱ्हाईक ठरलेलं असतं. अमुक गावच्या बाया अमुक ओट्यासमोरच बसणार. त्यांच्या आज्या तिथं बसल्या, आया बसल्या, आता सुना बसणार. समोरच्या ओट्यावरून त्यांना हाक मारायची नाही. माल एक, भाव एक, सुरतेकडून एकाच गाडीत आलेल्या गोण्या, पण गाव ज्याचं त्याचं.

आमचा मासळीबाजार म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. म्हसावदच्या पेठेमागं एक बोळ, बोळावर पत्रा, पत्र्याखाली समोरासमोर दोन ओटे आणि बोळाच्या तोंडाशी एक बाज. ओटे आम्हा दोघी जावांचे, बाज सासूची. ओट्यांवर बारदानं अंथरून त्यावर सुके बोंबील, झिंगे, जवळा, वाकट असे ढीग लावायचे. ज्यांना नको असतं ते नाकाला पदर लावून पुढं जातात आणि ज्यांना हवं असतं ते त्याच वासावर आत येतात. आम्हाला कधी पाटी लावावी लागली नाही.

सासरे गेले आणि दोघं भाऊ वेगळे झाले. भांडण नव्हतं, दोन चुली झाल्या आणि परसात मध्ये एक भिंत आली, एवढंच. सासूनं दोघी सुनांना बाजेसमोर बसवलं. मिशरीचं बोट तोंडातून काढलं.

"मोठीले पहिला मान. सांग वं, तुले कोनता गावं पाह्यजेत? खालना का वरना?"

खालची म्हणजे तापीकडची, काळ्या जमिनीची गावं. केळी, कापूस, ऊस. दारात ट्रॅक्टर, घरात एक तरी पगारदार. वरची म्हणजे तोरणमाळच्या वाटेवरचे सातपुड्यातले पाडे. मका, ज्वारी, जंगल आणि दिवाळीनंतर सगळ्या घरांना कुलूप, कारण माणसं ऊसतोडीला गुजरातेत.

आता मोठी सून म्हणून बाजेसमोर बसलेली जी बाई आहे तिच्याकडे जरा बघून घ्या. ती मीच, पण मला तिची इतकी लाज आणि इतकं हसू येतं की मी तिला "शहाणी" म्हणते. शहाणीच्या डोळ्यांपुढं खालच्या गावच्या बायांच्या बांगड्या वाजत होत्या. तिनं विचार करायचं नाटकसुद्धा केलं नाही.

"मामी, मी खालना गावं लिसू."

धाकटी नुसतं "बरं" म्हणाली. त्या एवढ्याशा "बरं"नं शहाणी आठवडाभर फुगून चालत होती. नवऱ्याला ताट वाढताना म्हणाली, "तिना वाटाले नुसता डोंगर उना. आते बठ म्हना लाकडं तोलत."

नवरा भाकरी मोडत होता. "खालना लोके उपास भलता करतस," तो म्हणाला.

"करतस ते सोडतस बी ना!"

सोडतात, पण मासळीवर सोडत नाहीत. हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार गुरूचा, शनिवार मारुतीचा. मग एकादश्या, मग चतुर्थ्या. श्रावण पुरा गेला. गणपतीत घरात देव बसलेले. नवरात्रात तर बाया माझ्या बोळाच्या तोंडावरूनसुद्धा जायच्या नाहीत, सासूला लांबून रामराम. मार्गशीर्षात पुन्हा गुरुवार, तेही साधे नव्हेत, कलश मांडलेले. यातून जे दिवस उरायचे त्यात त्यांच्या घरी पाहुणे यायचे आणि ते पाहुणे नेमके माळकरी निघायचे. माळ ही तर माझी खरी सवत. कुठल्या गावात सप्ताहाचा मांडव पडला असं ऐकलं की मी त्या गावचं गिऱ्हाईक मनातून पुसून टाकायची. कीर्तनकार बुवा बोलत असतील गोड, मी काही बसून ऐकलेलं नाही. पण ते गावातून गेले की माझी बरी-बरी घरं गळ्यात माळ घालून मोकळी. त्यांचा उद्धार झाला, माझ्या झिंग्यांना बुरशी आली.

जे खायचे ते चोरून खायचे. पिशवीत तळाशी बोंबील, त्यावर दोन पेपर, त्यावर मेथीची जुडी. काही जणी स्वतः यायच्या नाहीत, शेतावरच्या सालदाराला पाठवायच्या आणि तो "मन्हाकरताच लई जास" असं सांगायचा, मी न विचारता. एकदा शहाद्याच्या एसटी स्टँडवर माझं एक चांगलं गिऱ्हाईक भेटलं. चार बाया बरोबर, सगळ्या नटलेल्या. मी मोठ्या मायेनं म्हटलं, "काय ताई, मागला झिंगा कसा लागला?" ती बाई माझ्याकडं अशी बघायला लागली की मी जणू तिची पर्स मारली. पुढं वर्षभर आली नाही. माझंच चुकलं. खालच्या गिऱ्हाइकाला ओट्याबाहेर ओळख दाखवायची नसते.

हे सगळं मी सोसलं असतं. समोरचा ओटा नसता तर.

समोर काय चाललेलं असायचं? जत्रा. डोंगरातल्या माणसांच्या देवांनी कुठल्याच वाराशी बोंबलाचं भांडण लावलेलं नव्हतं. बाया गटानं उतरायच्या, धाकटीच्या ओट्यासमोर उकिडव्या बसायच्या, एक-एक बोंबील कानाशी नेऊन मोडायच्या. कट्‌कन वाजला तर पक्का वाळलेला. माझ्या गिऱ्हाइकांना बोंबलाला हात लावायचा म्हणजे कागद लागायचा. त्या बाया दोन-दोन तास बसायच्या, भाव करायच्या, पोरांना पाजायच्या, मध्येच सगळ्या मिळून हसायच्या. धाकटी अर्धी त्यांची बोली बोलायची, अर्धी आपली अहिराणी. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही म्हणून सगळं माझ्यावरच चाललंय असं वाटायचं.

"काय हासतस वं त्या?" मी एकदा विचारलंच.

"काही नही जिजी. त्या बाईना नातूनी तिना बिडीना बंडल बकरीले खावाडी दिधा."

तरी मला खरं वाटलं नाही. बकरीचं नाव सांगून मलाच बोलल्या असतील असं धरून मी दिवसभर जवळा पाखडत बसले, गिऱ्हाईक नसताना. जवळा पाखडून पाखडून इतका स्वच्छ झाला की त्यात जवळा कमी आणि माझा राग जास्त उरला.

दिवाळी झाली की तर बघायला नको. मुकादमाचे ट्रक यायच्या आधी पाडेच्या पाडे खाली उतरायचे आणि होळीपर्यंत पुरेल एवढी मासळी बांधून न्यायचे. उसाच्या फडात कालवण कोण करत बसणार? भाकरीवर झिंग्याची चटणी टाकली की झालं. त्या दिवसांत धाकटीला मान वर करायला फुरसत नसायची आणि मला मान खाली घालायला जागा नसायची, कारण समोरच ती.

त्या पाड्यांमध्ये एक म्हातारी होती, सगळे तिला डोकरीच म्हणायचे. वाळलेल्या वाकटीसारखी, पण डोळे भारी. ती ज्या ओट्यावर बसली तिथं तिचा सबंध पाडा बसायचा. शहाणीनं ठरवलं, हाक मारायची मनाई आहे, चहाची नाही. एका सकाळी डोकरी बोळात शिरली तशी शहाणी पितळी भरून चहा घेऊन आडवी आली. डोकरी माझ्या ओट्यावर टेकली. सावकाश चहा प्यायली. बिस्किटाचा पुडा होता तो तिनं नातवंडासाठी कमरेला खोचला. मग स्वतःचं गाठोडं आणि एक बकरीचं पिलू माझ्या ओट्याखाली ठेवलं, म्हणाली, "दख जरा ह्यानाकडे," आणि समोर जाऊन धाकटीकडं बसली. दुपारपर्यंत मी बकरी राखली. जाताना म्हणाली, "च्या गोड व्हता."

बाजेवर सासू हसत नव्हती. तिचं पोट तेवढं हलत होतं.

आणखी एक दुखणं होतं, ते पहाटेचं. दिवाळीनंतर धाकटीच्या परसात, भिंतीपलीकडं, कोंबड्यांचा नुसता बाजार भरायचा. कुठून येत होत्या देव जाणे. लाल, काळ्या, कबऱ्या, उघड्या मानेच्या. कोंबडे असे आरवायचे की माझी झोप आणि अब्रू दोन्ही जायची. मी तिकडं कधी डोकावले नाही. डोकावलं असतं तर तिला कळलं असतं की मला बघायचंय. भिंतीला कान लावून मात्र ऐकायची. आणि होळी आली की भिंतीपलीकडं एकदम शांत. शहाणीनं हिशेब लावला: हिवाळ्यात नफ्यातून कोंबड्या घेते, हिवाळाभर अंडी खाते, होळीच्या बाजारात दामदुपटीनं विकते. "गोरी व्हत चालनी ती," मी नवऱ्याला सांगितलं. "अंडं खाईसन."

"तू बी खा," नवरा म्हणाला. "आपलाकडे कोन उपास करस?"

मग एका साली धाकटीच्या पोटाचं दुखणं वाढलं. गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलं. तिचं माहेर नवापूरकडं, म्हणून चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात न्यायचं ठरलं. दीर बरोबर निघाला. सासूही निघाली. माझ्या दुखण्याच्या वेळी मी शहाद्यात दवाखान्यात एकटी पडून होते, तेव्हा सासूचे गुडघे दुखत होते. धाकटीच्या वेळी गुडघे बरे झाले. माझा नवरा माल आणायला सुरतेकडं गेलेला. आणि वेळ कुठली? मुकादमाचे ट्रक दोन दिवसांवर.

सासू म्हणाली, "वरना ओटावर तू बठ."

ऐकून शहाणीच्या अंगात आलं. जावेचं ऑपरेशन, आणि हिनं ट्रंकेतून जरीकाठाचं पातळ काढलं! एकदा डोंगर माझ्यासमोर बसू दे, मग तो उठून पलीकडं जातो कसा बघते, असं तिनं मनाशी ठरवलं. एकदा हाताची चव कळली की ती डोकरीसुद्धा माझी.

निघताना धाकटी दारात थांबली. वेदनेनं वाकलेली, तरी सांगत होती, "जिजी, त्या बाया येतीन ना, त्यासन्या कोंबड्या..."

"माले शिकाडू नको. तुन्हा आधी ऊनू मी ह्या घरमा."

"तसं नही वं, त्या कोंबड्या..."

"जाय तू. एसटी चालनी जाई."

ती गेली. मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही आणि मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच तिच्या ओट्यावर. मार्गशीर्षातला गुरुवार होता, त्यामुळं माझ्या स्वतःच्या ओट्याची काही काळजीच नव्हती. ऊन बोळात उतरलं तशी डोकरी आली, मागं पाच-सहा बाया. आणि प्रत्येकीच्या काखेत कोंबडी.

पहिल्या बाईनं पाय बांधलेली लाल कोंबडी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. मग समोर बसून मासळीसाठी फडकं पसरलं. बोलली काहीच नाही. त्यांना वाटत होतं मला ठाऊक आहे, आणि मला वाटत होतं की मला ठाऊक नाही हे त्यांना कळता कामा नये.

माझं डोकं असं चाललं की बस. सासू नेहमी सांगायची, तिच्या तरुणपणी डोंगरातली माणसं चारोळी, मध घेऊन यायची आणि बदल्यात मीठ-मासळी न्यायची. म्हणजे धाकटीनं तो जुना व्यवहार गुपचूप चालू ठेवलाय! कोंबडी द्या, मासळी घ्या; बोळात पैसे मोजायचे ते नुसते मला दाखवायला. म्हणून तिच्या परसात हिवाळ्यात कोंबड्या. म्हणून होळीला विक्री. किती वर्षं ही बाई साधी बनून माझ्यासमोर बसली होती!

फोन होता हातात. लावून विचारता आलं असतं. पण जावेला विचारायचं? तेही ती कॉटवर पडलेली असताना? माझं मन एवढं कठोर नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला विचारण्यापेक्षा मी कोंबडीला विचारलं असतं.

तर शहाणीनं फडकं भरलं. असं तसं नाही, धाकटीला लाजवायचं म्हणून शीग लावून. बोंबील, त्यावर झिंगे, त्यावर जवळ्याची ओंजळ. बाईनं लुगड्याच्या गाठीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "आखो काही देवानं नही."

बाईचा हात गाठीवरच थांबला. तिनं दुसरीकडं पाहिलं, दुसरीनं डोकरीकडं. त्यांच्यात काहीतरी बोलणं झालं. मग डोकरी पुढं सरकली.

"तुन्ही देरानी कोठे शे?"

"चिंचपाडाले लई गयात. पोटनं ऑपरेशन शे." मी आवाज मऊ केला, जिभेवर साखर ठेवल्यासारखा. "तिना करता देवले हात जोडा, माय."

डोकरीनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग फडक्याकडं पाहिलं. मग मान हलवली.

"हां. समजनं."

मला वाटलं तिला माझा मोठेपणा समजला. पुढच्या बाईची कोंबडी ठेवली गेली, फडकं भरलं गेलं. मग पुढची. दुपारी बातमी वर पोचली असावी, कारण दुसरे पाडेही उतरले, आणि कोंबड्याही. ज्यांच्याकडं कोंबडी नव्हती त्या दोघीसुद्धा फडकं पसरून बसल्या. शहाणी म्हणाली, जाऊ दे, पुढच्या वर्षी आणतील. ऊन कलेपर्यंत धाकटीच्या गोण्या बसल्या होत्या आणि मी कोंबड्यांच्या ढिगाऱ्यात महाराणीसारखी उभी होते. डोकरीनं जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी ती रात्र सुखानं झोपले. कोंबडे या वेळी भिंतीच्या माझ्या बाजूला होते.

ऑपरेशन नीट झालं. धाकटीला तिच्या आईपाशी ठेवून सासू एसटीनं परत आली. परसात पाय ठेवला आणि थांबली.

"माय वं! समद्या उन्यात वाटतं. डालाखाल पानी ठेवं का?"

"ठेवं ना मामी. आते आपल्याच शेतस."

"आपल्या कश्या?"

"मी सौदा करा. कोंबडी लिधी, मासा दिधा. धाकलीनं गुपित मी बरोबर वळखं."

सासू आली तशी मागं फिरली. ओट्यावर गेली, एक-एक गोणी चाचपली, परत आली. मला वाटलं, आता शाबासकी देते की काय. ती माझ्यासमोर बसली आणि लहान पोराला समजावतात तसं म्हणाली, "बाई, त्या कोंबड्या त्यास्न्याच शेतस. पाडामा मानूस ऱ्हास नही, रानमांजर खाई जास. म्हनीसन दरसाल बजारमा येवाना आधी धाकलीना परसमा ठेवी जातस, आवंदा तिना घरले कुलूप व्हतं. होळीले उन्यात का परत लई जातीन."

"मंग होळीले ती इकस ना त्या?"

"कोन इकस? दाना टाकस, अंडं खास, ज्यानी त्याले दी टाकस."

"आनि मासा?"

"मासाना पैसा लेस ना वं ती! तू काय करं?"

मी काय केलं ते तिला कोंबड्यांनी सांगितलं, एकदम सगळ्या ओरडून. सासू हसायला लागली. आधी पोट हललं, मग खांदे, मग मिशरीचा ठसका लागला, मी पाणी आणलं तर ते पिता येईना. हसून झाल्यावर मात्र तिनं डोळे पुसले आणि निकाल दिला: धाकटीच्या गोण्या मी माझ्या गोण्यांतून भरायच्या, आणि होळीपर्यंत कोंबड्या मी सांभाळायच्या. धाकटीला यातलं काही सांगायचं नाही, टाके ताजे आहेत, हसली तर उसवतील.

नवरा माल घेऊन आला. परस पाहिलं, गोण्या पाहिल्या, माझं तोंड पाहिलं. "बरं झायं," म्हणाला, "बकऱ्या नही लई उन्यात त्या."

त्या हिवाळ्याचं काय सांगू? मासळीच्या घरात कोंबड्या म्हणजे देवळात उंदीर. ताडपत्री टोचून जवळ्यापर्यंत चोच घालायच्या. मी हाकलायची, त्या बोंबलाच्या गोणीवर चढायच्या. शेवटी जवळ्याचा चुराच त्यांच्यापुढं टाकायला लागले. मग अंड्यांना वास यायला लागला. माझी खालची काही गिऱ्हाइकं मासळी सोडून अंड्यावर आलेली होती, अंडं चालतं म्हणायची. त्यांनी ती अंडी नेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला आली. "तुमच्या अंड्याला काय गोडी आहे मावशी!" एक जण म्हणाली. गोडी कशाची ते मी सांगितलं नाही. तिचा नेम माझ्यामुळं कशाला मोडायचा?

पण मी हिरमुसले होते असं समजू नका. शहाणी एवढ्यात सुधारणारी नव्हती. एकेक कोंबडी टोपलीसारख्या डालाखाली घालताना ती मनात म्हणत होती, फुकट खाल्लंय ना डोंगरानं माझ्या हातचं? गोण्या तर माझ्याच रित्या झाल्या. कोंबड्या तर मीच राखल्या. होळीला उतरतील तेव्हा त्यांनाच कळेल खरी कोण. डोकरी माझ्याच ओट्यावर बसणार. गावांची वाटणी सासू बदलणार नाही, पण गिऱ्हाईक आपणहून उठून आलं तर सासू तरी काय करील? एवढ्या आशेवर मी कोंबड्यांना जवळा चारला. इतका, की त्या डालात मावेनात.

होळीआधीचा बाजार. ट्रक परतले होते. पेठेत ढोल, बासऱ्या, नवे रुमाल. धाकटी बरी होऊन तिच्या ओट्यावर बसलेली, जरा उतरलेली, आणि उतरलेलीसुद्धा चांगली दिसत होती. मी माझ्या ओट्यावर तेच जरीकाठी पातळ नेसून, कोंबड्या डालांखाली ओळीनं मांडून. बाजेवर सासू, जागी.

डोकरी आली. मागं तिचा पाडा, मागं दुसरा पाडा. मी पदर सारखा केला. त्या माझ्या ओट्यासमोर आल्या. थांबल्या. आणि वळून समोर गेल्या.

डोकरीनं धाकटीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "बरी झायी! बरी झायी! देवनी आयकं."

"काय आयकं, माय?" धाकटी हसत म्हणाली.

"तुन्ही जेठानीनी तुन्हा नावनं मासा वाटा ना! तुन्हं पोट फाडत व्हतात, तठे ती आठे समदास्ले फुकट दी ऱ्हायनी व्हती. एक पैसा नही लिधा. आमीन फडमा रोज खायेत आनि तुन्हं नाव लिधं."

धाकटी माझ्याकडं बघायला लागली. मला आयुष्यात कुणी तसं पाहिलेलं नाही, नवऱ्यानंही नाही. ती ओट्यावरून उतरली, पोट सांभाळत बोळ ओलांडला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "जिजी, तुमी काही बोलन्यात बी नही!"

काय बोलणार होते? खरं सांगितलं तर मूर्ख, न सांगितलं तर साध्वी. मी सासूकडं पाहिलं. तिनं मिशरीचं बोट तोंडात घातलं, म्हणजे तिकडून मदत नव्हती.

"ऊठ वं," मी म्हणाले. "आपलीच शे ना तू."

ते वाक्य घशातून काढताना बोंबलाचा काटा उलटा यावा तसं झालं.

मग कोंबड्या. बाया माझ्याकडं आल्या, डालं उचलली. कुणाची कोणती हे मी ठेवलं नव्हतं ध्यानात, पण त्यांनी तोंडानं चुक्‌चुक् केलं आणि जिची तिच्याकडं गेली. एकेक कोंबडी हातात तोलून त्या एकमेकींना दाखवायला लागल्या. डोकरीनं तिचा कबरा कोंबडा उचलला आणि वजनानं वाकलीच.

"आमीन आते दरसाल तुन्हाकडेच ठेवसूत," ती म्हणाली. "देरानीपान बारीक ऱ्हातस. तू चांगल्या पोसस."

मी ही संधी सोडणार होते का? "ठेवा ना माय, घर तुमनं शे. मंग मासा बी मन्हाकडथीनच ल्या."

डोकरीनं जीभ चावली. "नही वं बाई."

"का नही?"

"तू ते पैसाच लेत नही. एकदाव खाधं ते खाधं. दरसाल फुकट कसं खावानं? आमले बी लाज शे."

"आते लिसू ना पैसा!"

"आमना करता नको बदलू," डोकरी म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावून समोर जाऊन बसली. तिच्यामागं सगळा डोंगर बसला. बोंबील कानाशी मोडायला लागले, कट्, कट्. सासू बाजेवर भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. तिचं पोट हलत होतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात कोंबड्या माझ्याकडं असतात. पाड्यातल्या नव्या सुनाही थेट माझ्याकडं आणून ठेवतात, "मोठ्या मनाची बाई" म्हणून त्यांना माझं नाव सांगितलेलं असतं. दाणा माझा, झाडलोट माझी. मासळी समोर. माझ्या नाती मला विचारतात, "आजी, तू एवढ्या कोंबड्या का पाळतेस?" मी त्यांना सांगते, आवड आहे.

होळीबाजाराच्या त्या दिवशी संध्याकाळी बाया निघाल्या तेव्हा त्यांनी गुजरातेतून आणलेली गुळाची ढेप धाकटीच्या ओट्यावर ठेवली. तिला बरं वाटलं म्हणून. मी माझी डालं धुवत होते, पाहिलंही नाही तिकडं. निदान तसं दाखवलं. धाकटीनं ढेप पदरात धरली, माझ्या ओट्यावर आणली, वजनाचा दगड घालून फोडली आणि दोन तुकडे माझ्यापुढं धरले.

"जिजी, तुमना मुळे. कोनता बी ल्या."

मी "नको वं, ऱ्हाऊ दे" म्हणत म्हणत मोठा उचलला. घरी येऊन तो तागडीत टाकून बघितला. तिचाही बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं, कारण अजून मला वाटतं की तो दुसरा, जो जरा चपटा दिसत होता, तोच जड होता.